डिस्क्रिप्टरवर फ्लॅग लावताना

लिनक्सवर सी भाषेत काम करत असाल तर कोणता फ्लॅग कुठे राहतो, ते आधी पक्कं करून घ्या. एफडी_क्लोएक्झेक हा त्या एका डिस्क्रिप्टरचा. ड्युप केलेल्या प्रतीला तो मिळत नाही. ओ_नॉनब्लॉक आणि ओ_अपेंड मात्र उघडलेल्या फाइलच्या कर्नलमधल्या नोंदीवर असतात, आणि ड्युप किंवा फोर्कने झालेले सगळे डिस्क्रिप्टर तीच नोंद वापरतात. म्हणून स्टॅंडर्ड इनपुट नॉनब्लॉकिंग केलंत तर त्याच टर्मिनलवरचे इतर प्रोग्रामही गोत्यात येऊ शकतात. शक्यतो करूच नका. केलंत तर बाहेर पडताना मूळ फ्लॅग परत लावा.

नॉनब्लॉकिंगसाठी एफसीएनटीएलला एफ_गेटएफएल देऊन सध्याचे फ्लॅग वाचा. उणे एक आलं तर तिथेच थांबून एररनो पाहा. उणे एकमध्ये सगळेच बिट चालू असतात, त्यात ऑर करून हाती काय लागणार? ठीक असेल तर आलेल्या किमतीत ओ_नॉनब्लॉक ऑर करा आणि एफ_सेटएफएलने लिहा. नुसता ओ_नॉनब्लॉक लिहिलात की आधीचा ओ_अपेंड गेला, आणि लॉग फाइलवर दोन प्रोसेस एकमेकींच्या ओळी पुसू लागतात.

क्लोएक्झेकची जोडी वेगळी: एफ_गेटएफडी, एफ_सेटएफडी. इथे घोटाळा हमखास होतो. एफडी_क्लोएक्झेकची किंमत १, म्हणजे ओ_राइटओन्लीचीच. चुकून एफ_सेटएफएलला दिलात तर लिनक्स तो बिट दुर्लक्षित करतं, शून्य परत देतं आणि क्लोएक्झेक लागतच नाही.

पण थ्रेड असलेल्या प्रोग्राममध्ये हा दोन पायऱ्यांचा मार्गच मला मान्य नाही. ओपन आणि एफसीएनटीएलच्या मधल्या क्षणी दुसऱ्या थ्रेडने फोर्क-एक्झेक केलं, तर तुमचा डिस्क्रिप्टर परक्या प्रोग्रामच्या हाती जातो. लिसनिंग सॉकेट असेल तर सर्व्हर बंद केल्यावरही पोर्ट अडकलेला राहतो. ओपनमध्येच ओ_क्लोएक्झेक द्या. ही सोय २००७ च्या लिनक्स २.६.२३ पासून आहे. सॉकेटला सॉक_क्लोएक्झेक, बाकी ठिकाणी पाइप२, ड्युप३, अ‍ॅक्सेप्ट४. लिसनिंग सॉकेट नॉनब्लॉकिंग असला तरी लिनक्सवर अ‍ॅक्सेप्टने आलेला नवा सॉकेट ब्लॉकिंगच असतो, तेव्हा अ‍ॅक्सेप्ट४ ला सॉक_नॉनब्लॉकही द्या.

शेवटी प्रोक फाइलसिस्टिममध्ये प्रोसेसच्या एफडीइन्फो फोल्डरमधली त्या डिस्क्रिप्टरची फाइल उघडा. फ्लॅग्जची ओळ ऑक्टलमध्ये असते: एक्स८६ वर नॉनब्लॉक ४०००, क्लोएक्झेक २००००००. हे आकडे दिसल्याशिवाय कोड पुढे पाठवू नका.