मुद्दल सुटू दे, मग विकतो

"मुद्दल सुटू दे, मग विकतो." हैदराबादेतल्या काचीगुड्याच्या आमच्या मित्रमंडळात शेअरचा विषय निघाला की हे वाक्य ठरलेलं. माझ्या तोंडीही तेच. बाजारात माझे सगळ्यात जास्त पैसे याच वाक्याने घालवले.

हैदराबादकरांना या वाक्याची किंमत इथल्याच सत्यम कॉम्प्युटर या आयटी कंपनीने दाखवली. १६ डिसेंबर २००८ला कंपनीने प्रवर्तकांच्याच घरच्या मेटास कंपन्या विकत घ्यायचं जाहीर केलं, गुंतवणूकदार खवळले आणि काही तासांत बेत गुंडाळला गेला. दुसऱ्या दिवशी शेअर सुमारे तीस टक्के कोसळून १५८ रुपयांवर आला. मग तो सावरत १७९पर्यंत चढला. झालं! सगळ्यांना वाटलं, येतोय परत जुन्या भावावर. ७ जानेवारी २००९ला कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांचं पत्र आलं: ताळेबंदातली ५,०४० कोटींची रोकड आणि बँकशिल्लक मुळात नव्हतीच. त्या दिवशी भाव ४०च्या आसपास बंद झाला.

लेखापरीक्षकांनी पकडला नाही तो घोटाळा तुम्हा-आम्हाला कुठून दिसणार? पण १६ डिसेंबरचा तो बेत पेपरात छापून आला होता, सगळ्यांनी वाचला होता. तरी शेजारचा मुलगा जिथे नोकरीला आहे ती कंपनी बुडेल, हे मनाला पटत नाही. ओळखीलाच आपण माहिती समजतो.

माझं प्रकरण यापुढे किरकोळ. एका छोट्या बांधकाम कंपनीचा शेअर १२०ने घेतला, ८०ला आल्यावर आणखी घेऊन 'ॲव्हरेज' केला. कंपनीचं कर्ज वाढत होतं. ते ताळेबंदात स्वच्छ दिसत होतं, पण माझी नजर १२०वरून हलेना. पुढे घरात पैसे लागले तेव्हा मी नफ्यातला बँकेचा शेअर विकला आणि हा ठेवला. नफा पदरात पाडायची घाई आणि तोटा मान्य करायची टाळाटाळ, या सवयीवर शेफ्रिन आणि स्टॅटमन या संशोधकांनी १९८५मध्येच शोधनिबंध लिहिला होता. कानमन आणि ट्व्हर्स्की हे मानसशास्त्रज्ञ त्याआधी, १९७९मध्ये, सांगून गेले होते की मिळालेल्या रुपयाच्या आनंदापेक्षा गमावलेल्या रुपयाचं दुःख मोठं असतं. विकलं नाही तर तोटा 'कागदावरच' राहतो, म्हणून आपण विकत नाही.

तुम्ही शेअर कितीला घेतला, याचं बाजाराला सोयरसुतक नसतं. हातात तेवढी रोकड असती तर आज, या भावाला, हा शेअर घेतला असता का? उत्तर 'नाही' आलं की विकायला काढा. घेताना का घेतला ते एका ओळीत वहीत लिहा. ते कारण संपलं की भाव न बघता बाहेर पडा. आणि जिथून पगार येतो, त्याच कंपनीत बचत ठेवू नका.

एक व्यवहाराची गोष्ट. विकून झालेला भांडवली तोटा पुढची ८ वर्षं भांडवली नफ्यातून वजा करता येतो. दीर्घ मुदतीचा तोटा मात्र दीर्घ मुदतीच्या नफ्यातूनच. त्यासाठी त्या वर्षीचं आयकर विवरणपत्र मुदतीत भरलेलं हवं. डीमॅटमध्ये नुसत्या पडून राहिलेल्या तोट्याला ही सवलत नाही.