लुकलुकणारा नव्हे, बदलणारा तारा

सगळे तारे रोज सारखेच चमकतात असे आपल्याला वाटते. मलाही तसेच वाटायचे. पण काही ताऱ्यांचे तेज कमीजास्त होते. त्यांना रूपविकारी तारे म्हणतात. ययाती तारकासमूहात असा एक तारा आहे. त्याचे नाव अल्गोल.

ताऱ्याच्या तेजाला प्रत म्हणतात. प्रतीचा आकडा लहान तर तारा तेजस्वी, आकडा मोठा तर तारा मंद. अल्गोलची प्रत एरवी २.१ असते. दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी तो मंद होतो आणि प्रत ३.४ होते. उतरायला सुमारे पाच तास आणि परत चढायला सुमारे पाच तास लागतात. याचे कारण असे की तिथे दोन तारे एकमेकांभोवती फिरतात. मंद तारा तेजस्वी ताऱ्याच्या पुढे आला की उजेड अडतो. म्हणजे ते ग्रहणच.

हे इंग्लंडमधल्या यॉर्क गावच्या जॉन गुडरिक या मुलाने १७८३ साली जगाला सांगितले. तेव्हा तो १८ वर्षांचा होता. त्याला ऐकू येत नव्हते. तो नुसत्या डोळ्यांनी तारा बघायचा आणि वहीत लिहायचा.

गुरुजींनी ही गोष्ट सांगितली तेव्हा मला माझी धाकटी बहीण आठवली. तिलाही ऐकू येत नाही. पण आजीची हरवलेली सुई तीच शोधून देते. मी तिला सोबत घेतले.

तेज मोजायला यंत्र लागत नाही. शेजारचे न बदलणारे तारे बघायचे. गुरुजींनी नकाशा काढून दिला. देवयानीतला एक तारा २.१ प्रतीचा, ययातीतला एक २.९ चा आणि त्रिकोणातला एक ३.४ चा. २.१ ते २.९ यांत आठ भाग होतात. अल्गोल कितव्या भागावर आहे ते बोटांनी दाखवायचे. २.९ ते ३.४ यांत पाचच भाग, म्हणजे एक हात पुरतो. एकमेकांची बोटे आधी बघायची नाहीत.

डिसेंबरातल्या एका सोमवारी बहिणीची बोटे अशी होती :
रात्री ७ वाजता तीन बोटे, प्रत २.४.
८ वाजता सात बोटे, प्रत २.८.
९ वाजता दुसऱ्या मापाची चार बोटे, प्रत ३.३.
साडेनऊला पाचही बोटे, प्रत ३.४.
साडेदहाला एक बोट, प्रत ३.०.

माझे आकडे कधी एकाने कमी, कधी एकाने जास्त आले. ते खोडायचे नाहीत, दोघांचेही लिहायचे. आधी एकदा मी न बघताच कालचा आकडा लिहिला होता. गुरुजी म्हणाले, "न बघता लिहिलेला आकडा म्हणजे खोटी साक्ष." तेव्हापासून मी तसं करत नाही.

वर्गातली पोरं म्हणाली, "हा थापा मारतोय." मग मी गणित केले. सोमवारी रात्रीच्या साडेनऊत २ दिवस २० तास ४९ मिनिटे मिळवली. उत्तर आले, गुरुवार संध्याकाळी ६ वाजून १९ मिनिटे. तेव्हा पुरता अंधार नसतो. म्हणून मी सांगितले, सव्वासातला या, अल्गोल मंद असेल आणि नऊपर्यंत उजळलेला दिसेल.

गुरुवारी सातजण आमच्या अंगणात आले. सव्वासातला बहिणीने दोन बोटे दाखवली, ३.१. नऊ वाजता आठांतली तीन, २.४. सगळ्यांनी आपापल्या डोळ्यांनी बघितलं. मग कुणी काही बोललं नाही.

हिला शाळेत घालून काय करणार, असे काही जण विचारायचे. त्या रात्री बाबा वही हातात घेऊन कंदिलाजवळ बराच वेळ बसले. सकाळी ते गुरुजींकडे गेले. जूनमध्ये माझी बहीण पहिलीत येणार आहे.

तुम्हीही वही करा. तारीख, वेळ आणि प्रत लिहा. जे दिसेल तेच लिहा.

इयत्ता चौथी