आधी बिलाचं विचारा

आता तुमसरला माझं स्वतःचं छोटं दुकान आहे. त्याआधी तीन वर्षं मी नागपूरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळावर एका दुकानात कामाला होतो. तिथला एक प्रसंग गल्ल्यावर बसणाऱ्या प्रत्येकाला सांगावासा वाटतो.

सकाळच्या गर्दीत साठीतले एक गृहस्थ आले. मानेची प्रवासी उशी त्यांनी गळ्यात घालून पाहिली, खेळण्यांपाशी रेंगाळले आणि उशीसकट बाहेर पडले. किमतीची चिठ्ठी पाठीवर लोंबत होती. मी ‘चोर!’ म्हणून ओरडणार, तोच आमच्या जुन्या सहकारी ताईंनी हात धरला. "ओरडू नको. बिल राहिलं, एवढंच म्हण."

गेटच्या रांगेत मी त्यांना गाठलं. "काकाजी, उशीचं बिल राहिलं जी."

"ही माझीच आहे. घरून आणली."

मागे उभी असलेली चिमुरडी म्हणाली, "आजोबा, तुमच्या पाठीवर किंमत लटकते आहे!"

सगळी रांग हसली. काकाजी मुकाट्याने दुकानात आले. पाकिटासाठी कोटाच्या खिशात हात घातला आणि आतून सायरन वाजू लागला. आमच्याच दुकानातली खेळण्यातली पोलिसांची गाडी! बटण दाबलं गेलं होतं आणि ती काही केल्या बंद होईना. शेवटी गाडी काउंटरवर ठेवून ते हळूच म्हणाले, "हिचंही बिल करा." ताईंनी एक शब्द न बोलता पैसे घेतले.

आम्ही दिवसभर हसलो. संध्याकाळी मात्र मला भंडाऱ्याच्या एक बाई आठवल्या. तिथल्या कापड दुकानात असताना निव्वळ संशयावरून मी चार गिऱ्हाइकांसमोर त्यांना पिशवी रिकामी करायला लावली होती. निघाली लेकराची औषधं आणि एस.टी.चं तिकीट. त्या रडत गेल्या, पुन्हा कधी आल्या नाहीत. त्याची लाज मला आजही वाटते.

म्हणून सांगतो. येणाऱ्या प्रत्येकाशी दोन शब्द बोला. आपल्याकडे लक्ष आहे हे कळलं की चोराचा हात आखडतो. लहान पण महाग वस्तू गल्ल्याजवळ ठेवा. संशय आला तर आधी कॅमेऱ्यात पाहा, मग हळू आवाजात "बिल बनवू का?" असं विचारा. अंगाला हात लावू नका, झडती घेऊ नका, कोणाला कोंडू नका. प्रकरण हाताबाहेर जातंय असं वाटलं तर ११२ वर फोन करा.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्येही पहिल्यांदा चुकणाऱ्याचा विचार आहे. ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीच्या चोरीत पहिल्यांदाच दोषी ठरलेल्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर त्याला सामुदायिक सेवेची शिक्षा होते.

माझ्या दुकानातल्या पोराला मी पहिल्या दिवशी हेच शिकवलं. संशय खरा निघाला तर माल परत येतो, आणि खोटा निघाला तरी गिऱ्हाईक परत येतं.