पाचवे शील आणि बारा तासांची पाळी



विहारात आपण पंचशील ग्रहण करतो. पाचव्या शीलाशी आले की कित्येक माता मान खाली घालतात. मुलगा कामावरून पिऊन येतो, हे त्यांना ठाऊक असते. आजचा पाठ त्या घरांसाठी आहे.

माझ्या वर्गात शिकलेला एक मुलगा कारखान्यात कंत्राटी कामगार आहे. पाळी बारा तासांची, वर जाण्यायेण्याचे दोन तास. "सर, घेतल्याशिवाय झोपच लागत नाही," असे तो म्हणाला. मी त्याला शीलाचा उपदेश केला. घरी आल्यावर वाटले, आपण अर्धाच धम्म सांगितला.

सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी मद्यपानाचे सहा दोष सांगितले आहेत : धननाश, कलह, रोग, अपकीर्ती, निर्लज्जपणा आणि बुद्धीची दुर्बलता. हे आपण मुलांना ऐकवतो. पण त्याच सुत्तात मालकाचीही कर्तव्ये आहेत. सेवकाला शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारात शुश्रूषा करावी, गोडधोड वाटून खावे आणि वेळच्या वेळी सुट्टी द्यावी. हे आपण कोणाला ऐकवतो?

पूज्य बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४६ साली कारखान्यांतील कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आणणारा कायदा झाला. पुढे २०१५ साली अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून संशोधकांनी पाहिले, तेव्हा आठवड्याला ४८ तासांहून अधिक राबणाऱ्यांत घातक मद्यपान सुरू होण्याचे प्रमाण सुमारे १२ टक्क्यांनी जास्त आढळले. विसाव्यावाचून राबणारा देह दारूकडे वळतो, तो असा.

तरीही थकवा ही दारूची सबब होऊ शकत नाही. १९५६ साली नागपूरला घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. शिवाय दारूने डोळा लवकर लागला तरी उत्तररात्री झोप मोडते. सकाळी थकवा तसाच राहतो आणि संध्याकाळी पुन्हा पेला हवासा वाटतो.

मग घराने काय करावे?

मुलगा पिऊन आला तर रात्री वाद घालू नये. सकाळी शुद्धीवर असताना, शांतपणे बोलावे. कामावरून आल्यावर आंघोळ, गरम जेवण आणि निवांत झोप त्याला मिळेल असे पाहावे.

त्याचे रोजचे तास वहीत लिहावेत. कारखान्यात जादा तासांना दुप्पट दराने मजुरी द्यावी, असा कायदा आहे. ती वही घेऊन चौघांनी मिळून युनियनकडे किंवा सरकारी कामगार कार्यालयात जावे. एकट्याला कंत्राटदार काढून टाकील, म्हणून एकटे जाऊ नये.

रोज पुष्कळ पिणाऱ्याने एकाएकी सोडली तर हातपाय थरथरतात, झटकेही येतात. त्यात जिवाला धोका असतो. म्हणून आधी सरकारी दवाखान्यात डॉक्टरांना दाखवावे. यात लाज कसली?

त्या मुलाकडे मी पुन्हा जाणार आहे. या वेळी कोरी वही घेऊन जाईन.

जय भीम!