आटणारें पाणी आणि पालथी बाटली

उरण, पेण किंवा वसईच्या बाजूस ज्यांचें जाणेंयेणें असतें त्यांनीं मिठागरें पाहिलीं असतीलच. बांध घातलेल्या उथळ वाफ्यांत भरतीचें पाणी घेतात, तें उन्हांत आटूं देतात, आणि कांहीं दिवसांनीं त्या वाफ्यांत मिठाचे पांढरे थर दिसूं लागतात. ऊन समुद्राचें पाणी नेतें, पण त्यांतील मीठ नेत नाहीं, ही गोष्ट मीठ पिकविणाऱ्यांस कोणत्याही पुस्तकावांचून ठाऊक असते. आमच्या प्रयोगशाळेच्या खिडकीशीं ठेवलेली खाऱ्या पाण्याची काचपेटी हेंही एक लहानसें मिठागरच आहे, हें मात्र आमच्या, म्हणजे शास्त्र शिकविणाऱ्यांच्या, ध्यानांत येण्यास दोन समुद्रपुष्पांचे प्राण खर्चीं पडावे लागले.

पेटी मोठी नाहीं. लांबी ४० सेंटिमीटर, रुंदी २५ आणि पाण्याची खोली २०. म्हणजे पाणी बरोबर २० लिटर. दोन वर्षांपूर्वीं नववीच्या मुलांनीं किनाऱ्यावरील खडकांच्या डबक्यांतून दोन समुद्रपुष्पें आणि रिकाम्या शंखांत बिऱ्हाड करून राहणारे तीन खेकडे आणले. वाळू, दगड आणि पाणी हेंही समुद्राचेंच. त्या वर्षीं दिवाळीच्या सुटीस जातांना, शाळेच्या आवारांत राहणाऱ्या शिपाईमामांस मीं सांगितलें, "मामा, पेटींतलें पाणी या खुणेच्या खालीं जाऊं देऊं नका." त्यांनीं तें अक्षरशः पाळलें. शेजारच्या फळीवर समुद्राच्या पाण्याचा राखीव डबा होता. पेटीला लागतें तें पाणी हेंच, असें समजून ते रोज त्यांतलें थोडें ओतीत राहिले. दोष त्यांचा नव्हता. कोणतें पाणी घालावें हें मीं सांगितलेंच नव्हतें.

पुढील हिशोब मुलांनीं कागदावर मांडून पाहावा. समुद्राच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. तेव्हां आमच्या पेटींत ७०० ग्रॅम होते. पेटीच्या पाण्याचा पृष्ठभाग एक हजार चौरस सेंटिमीटर, म्हणून पातळी एक मिलिमीटर उतरली कीं १०० मिलिलिटर पाणी गेलें असें समजावें. आमच्या पेटींत पातळी दिवसाला तीन मिलिमीटर उतरत असे. सुटी वीस दिवसांची; सहा लिटर पाणी वाफ होऊन गेलें, आणि त्याच्या जागीं सहा लिटर खारें पाणी आलें. त्याबरोबर २१० ग्रॅम मीठ अधिक आलें. आतां वीस लिटरांत ९१० ग्रॅम, म्हणजे लिटरास ४५.५ ग्रॅम! पातळी खुणेवर, पाणी निवळशंख, आणि आंतले जीव मरणाच्या वाटेवर. आम्ही परत आलों तेव्हां हायड्रॉमीटर नेहमीपेक्षां कितीतरी वर तरंगूं लागला. खेकडे वांचले. समुद्रपुष्पें आकसून गोळा झालीं होतीं, तीं पुन्हां उमललीं नाहींत.

कोणी म्हणेल, खडकांतील डबक्यांतही दुपारच्या उन्हानें खारटपणा वाढतोच. वाढतो खरा, पण पुढची भरती येऊन तो धुऊन नेते. आमच्या पेटीला भरती नव्हती.

तेव्हां आटलेल्या पाण्याच्या जागीं गोडेंच पाणी घातलें पाहिजे; मीठ गेलेंच नाहीं, तर तें पुन्हां घालावयाचें कशाला? पेटींतील मळकें पाणी काढून टाकलें असेल तर गोष्ट वेगळी. त्या पाण्याबरोबर मीठही जातें, म्हणून तेथें खारेंच पाणी भरावें लागतें. आटणें आणि काढणें यांतला हा भेद विद्यार्थ्यांनीं पक्का ध्यानांत ठेवावा, कारण परीक्षेंत नसला तरी पेटीशीं तो रोजचा आहे. गोडें पाणी म्हणजे तरी कोणतें? साठविलेलें पावसाचें किंवा ऊर्ध्वपातित पाणी उत्तम. विहिरीच्या किंवा बोअरच्या जड पाण्यांतले क्षारही मागें राहतात आणि महिन्यामागून महिना साचत जातात. शिवाय हें पाणी एकदम ओतणें बरें नव्हे. चार दिवसांची तूट एका तांब्यानें भरून काढली, तर खारटपणा चार दिवस चढतो आणि घटकेंत उतरतो. तें थेंबाथेंबानें, जितकें आटेल तितकेंच, पडत राहिलें पाहिजे.

एवढें काम रोज करणार कोण? ही अडचण जुनीच आहे. ॲना थिन या बाईंनीं १८४६ सालीं इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील टॉर्की येथून जिवंत प्रवाळ लंडनास नेले, तेव्हां पाण्यांत हवा मिसळावी म्हणून त्यांची मोलकरीण तेंच पाणी रोज उघड्या खिडकीशीं एका भांड्यांतून दुसऱ्यांत ओतीत असे. समुद्र घरांत आणावयाचा, तर त्याच्या पाठीशीं एक माणूस उभें करावें लागे.

आमच्या वर्गांत यावर उपाय सुचविला तो एका मुलानें. "सर, कोंबड्यांच्या पाण्याच्या भांड्यासारखें केलें तर?" त्याच्या घरीं कोंबड्या आहेत. भरलेली बाटली उथळ ताटलींत पालथी ठेवतात. कोंबड्या ताटलींतलें पाणी पितात, पण ताटली कोरडी पडत नाहीं आणि भरून वाहतही नाहीं. असें कां होतें? ताटलींतील पाण्यावर हवेचा दाब असतो, आणि हा दाब सुमारें दहा मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ तोलून धरूं शकतो; मग वीतभर उंचीच्या बाटलींतलें पाणी त्यास काय जड? जोंवर बाटलीचें तोंड पाण्यांत बुडालेलें आहे, तोंवर आंतलें पाणी आंतच राहतें. पातळी तोंडाच्या खालीं गेली कीं एक बुडबुडा आंत शिरतो, तितकेंच पाणी खालीं येतें, तोंड पुन्हां झांकतें आणि सर्व कांहीं थांबतें. एडम मॅरिओट या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नांवानें ओळखली जाणारी बाटली याच तत्त्वावर चालते. तुम्ही बॉइलचा म्हणून जो नियम पाठ करतां, तो त्यानें १६७६ सालीं स्वतंत्रपणें मांडला होता, आणि फ्रान्समध्यें आजही त्यास मॅरिओटचें नांव जोडतात.

आमचा पहिला प्रयत्न फसला. बुचांतून एकच बारीक नळी काढली होती. तिच्या तोंडाशीं पाण्याचा पापुद्रा धरून बसे आणि बुडबुडा वर जाईना. मग रबरी बुचास दोन भोकें पाडून दोन कांचनळ्या बसविल्या. एक हवेची, तिचें खालचें तोंड बरोबर पातळीच्या खुणेवर. दुसरी पाण्याची, ती दोन सेंटिमीटर अधिक खोल. पातळी खुणेखालीं केसभर उतरतांच पहिलींतून हवा वर जाते आणि दुसरींतून पाणी उतरतें. गोडें पाणी हलकें असल्यामुळें तें खाऱ्यावर तरंगूं पाहतें, म्हणून बाटली हवेच्या पंपाच्या बुडबुड्यांजवळ ठेवावी, म्हणजे तें लागलींच मिसळतें. बाटलीवर ऊन मात्र येऊं देऊं नये. आंतली हवा तापून फुगली तर ती गरज नसतां पाणी खालीं लोटते.

बाटली चालूं लागली तेव्हां मुलांना आनंद झाला, आणि लागलीच पांच लिटरांचा डबा पालथा घालण्याची सूचना आली. येथें मला विरोध करावा लागला, आणि माझ्या मतें या सर्व प्रकरणांतील खरी शिकण्याजोगी गोष्ट हीच आहे. बूच सैल झालें, बाटलीस बारीक तडा गेला, कीं आंतलें सगळें पाणी एका रात्रींत पेटींत येणार. दोन लिटर आलें तर ७०० ग्रॅम मीठ २२ लिटरांत वांटलें जाईल. लिटरास जवळजवळ ३२ ग्रॅम, पातळी दोन सेंटिमीटर वर. तें निभावेल, पेटीस वर तितकी जागा मोकळी असली म्हणजे झालें. पांच लिटर आलें तर २८ ग्रॅम, आणि पाणी कांठावरून जमिनीवर. बाजारांत यासाठीं विजेवर चालणारीं यंत्रेंही मिळतात. तरंगता गोळा किंवा प्रकाशाचा डोळा पातळी ओळखतो आणि लहान पंप सुरू होतो. पण त्या गोळ्यावर एखादी गोगलगाय चढून बसली कीं पातळी उतरलीच आहे असें समजून पंप चालत राहतो! पाण्याचा सांठा लहान ठेवण्याचा नियम त्यांसही लागू आहे.

पण दोन लिटर पाणी दिवसाला ३०० मिलिलिटरप्रमाणें सातवा दिवसही पुरतें गांठत नाहीं, आणि सुटी तर वीस दिवसांची. बाटली वाढवावयाची नाहीं, तर आटणें कमी करावयास हवें. पेटीवर कांच ठेवली, हवेसाठीं एका बाजूस दोन बोटें फट सोडली, आणि आठवडाभर रोज सकाळीं मुलांनीं पट्टी लावून पातळी मोजली. तीन मिलिमीटरांचा एक झाला. दिवसाला १०० मिलिलिटर, वीस दिवसांचे दोन लिटर; हिशोब इतका काठोकाठ होता कीं मला सुटींत एकदोनदां झोप लागली नाहीं, हें कबूल करतों.

गेल्या दिवाळीनंतर शाळा उघडली त्या सकाळीं आम्ही घंटेआधींच प्रयोगशाळेंत गेलों. बाटलीच्या मानेंत बोटभर पाणी उरलें होतें. पातळी खुणेवर, आणि हायड्रॉमीटर सुटीपूर्वींच्याच रेघेवर. नव्यानें आणलेलें समुद्रपुष्प उमललेलें होतें. सर्वांत मोठ्या खेकड्यानें सुटींत बिऱ्हाड बदललें होतें. त्याचा जुना शंख कोपऱ्यांत रिकामा पडला होता. शिपाईमामा दारांत उभे होते. "दोन दिवसांआड खाणें टाकण्यापलीकडे यंदा मला कांहीं कामच ठेवलें नाहीं," असें ते थोडे रुसूनच म्हणाले.