मार्चची मरगळ

पंचांगात वसंत दोन महिन्यांचा असतो. आमच्या सोलापूर जिल्ह्यात तो फार तर दोन आठवडे टिकतो. शिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत गेली की होळीपर्यंत ऊन अंगावर आलेलं असतं. याच सांध्यात मरगळ शिरते. रात्रभर झोपूनही सकाळी अंग जड, जेवल्यावर डोळे आपोआप मिटतात, रोजचाच जिना चढताना पोटऱ्या भरून येतात. ताप नाही, खोकला नाही, त्यामुळे डॉक्टरांना सांगावं तर काय, हेही कळत नाही. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. ही मरगळ मी स्वतःत, स्टाफरूममध्ये आणि मुलांच्या बाकांवर बरीच वर्षं बघत आलेय. तिची कारणं बरीच आहेत, आणि त्यातली निम्मी तर उन्हाची नाहीतच.

१. उन्हाला बोल लावण्याआधी घड्याळ बघावं.

मार्च लागला की आमच्याकडे शाळा सकाळची होते. साताच्या सुमारास प्रार्थना, म्हणजे घरात पाचला दिवा. त्यात नळाला पहाटे पाणी आलं तर त्याच्याही आधी. उठायची वेळ अशी दीड तास अलीकडे येते, पण झोपायची वेळ तिथंच राहते, कारण जेवणं, भांडी, मालिका, उद्याची भाजी यातलं काहीच अलीकडे सरकत नाही. रोजचा दीड तास, आठवड्याचे सहा दिवस. नऊ तास झाले. म्हणजे दर आठवड्याला एक आख्खी रात्र आपण जागून काढतो आणि म्हणतो, “काय की बाई, ऊन बाधतंय.”

मुलांचं तर आणखी अवघड. पौगंडावस्थेत झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवू लागतं, त्यामुळे नववी-दहावीतल्या मुलाला दहाला झोप म्हटलं तरी ती येत नाही. या वयाला आठ ते दहा तासांची झोप लागते. पहिल्या तासाला मागच्या बाकावर डुलणारा पोरगा आळशी असतोच असं नाही. मी या दिवसांत पहिल्या तासाला धडा वाचून दाखवत नाही. प्रयोग लावते, मुलांना टेबलाभोवती उभं करते. आणि पालकसभेत एवढंच सांगते, की फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून रोज पंधरा-वीस मिनिटं आधी दिवे घालवा. एका रात्रीत दीड तास सरकवायला गेलं तर माणूस अंथरुणात नुसता कुशी बदलत राहतो.

२. शरीराला दोन आठवड्यांची मुदत द्यावी.

मार्चमध्ये आमच्याकडे पहाटे अंगावर चादर ओढावी लागते आणि दुपारी पारा ३६-३७ अंशांवर असतो. उष्णता बाहेर टाकायला शरीर कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंद करतं. रक्त तिकडे वळतं, रक्तदाब थोडा उतरतो, हृदयाचे ठोके वाढतात. उकिडवं बसून एकदम उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते ती यामुळेच. सुरुवातीच्या दिवसांत घाम उशिरा सुटतो आणि त्यातून मीठही जास्त जातं. मग हळूहळू शरीर शिकतं: रक्तातला द्रव वाढतो, घाम लवकर सुटतो, त्यातलं मीठ कमी होतं. या सगळ्याला साधारण सात ते चौदा दिवस लागतात.

शेतातल्या माणसाला हे पुस्तकाविना ठाऊक असतं. रब्बीची ज्वारी काढायला माणसं तांबडं फुटताच शेतात उतरतात आणि अकरा वाजता झाडाखाली येतात. आपण मात्र नेमकं याच पंधरवड्यात घर रंगवायला काढतो, वर्षभराची हळद-तिखट करतो, पापडाचा घाट घालतो. थोडं थांबावं. मात्र दिवसभर एसीत बसून राहणाऱ्याला ही सवय लागतच नाही. सकाळ-संध्याकाळ थोडं घाम येईपर्यंत चालणं त्यालाही चुकलेलं नाही.

३. बायका पाणी का पीत नाहीत, हे आधी विचारावं.

“भरपूर पाणी प्या” हा सल्ला देणाऱ्या बहुतेकांनी शाळेतलं स्वच्छतागृह पाहिलेलं नसतं. शिक्षिकांच्या बाटल्या मी बघते. सकाळी काठोकाठ भरून येतात, दुपारी जवळजवळ तशाच परत जातात. तहान नसते असं नाही. आत पाणी नाही, कडी नाही, नाहीतर वाट मुलांच्या वर्गासमोरून जाते, म्हणून सहा-सहा तास घोटभर पाण्यावर काढायचे. मग उन्हाळी लागते, डोकं ठणकतं, आणि चौथ्या तासाला फळ्यावर लिहिताना आपण काय लिहीत होतो तेच आठवत नाही. शरीराच्या वजनाच्या दोन टक्के पाणी कमी झालं तरी लक्ष लागेनासं होतं. साठ किलोच्या बाईला हे सव्वा लिटरच्या आसपास भरतं. सकाळची शाळा, दोन किलोमीटरची पायपीट आणि वर पत्र्याचा वर्ग असेल तर एवढी तूट पडायला दुपारही व्हावी लागत नाही.

आमच्याकडे हा विषय आम्ही बायकांनीच काढला. मुख्याध्यापक सर म्हणाले, “बघू.” आम्ही म्हटलं, “सर, बघायला तुम्ही एकदा आत जाऊन या.” पुढच्या आठवड्यात कडी बसली, टिपाड आलं, किल्ली स्टाफरूमच्या खिळ्याला लागली. त्या मार्चमध्ये डोकेदुखीच्या गोळ्यांची पाकिटं टेबलावर कमी दिसली, हे माझं निरीक्षण. संशोधन म्हणून कोणी वापरू नये. केरळातल्या शाळांनी २०१९ मध्ये मुलांना पाणी पिण्याची आठवण म्हणून वेगळी घंटा सुरू केली आणि पुढे इतर राज्यांनीही ती उचलली. कल्पना चांगली आहे. पण घंटेच्या आधी कडी.

४. नुसतं पाणीही पुरत नाही.

घामाबरोबर मीठ जातं आणि नुसतं पाणी ढोसत राहिलं तर पोट डबडबतं, तरतरी येत नाही. आमच्या घरी यावर आंबील असतं. सासूबाई रात्री चार चमचे ज्वारीचं पीठ ताकात कालवून मातीच्या भांड्यात झाकून ठेवतात. सकाळी पाण्याला उकळी आली की ते पीठ एका हातानं ओतायचं आणि दुसऱ्या हातानं ढवळत राहायचं. हात थांबला की गुठळी झालीच. पीठ शिजून चकाकी आली की उतरवून निववायचं, मग ताक, मीठ, ठेचलेला लसूण, जिरं. पळीतून सुटसुटीत पडलं पाहिजे, पिठल्यासारखं घट्ट नको. मी शाळेतून आले की आधी एक पेला आंबील आणि अर्ध्या तासानं जेवण. त्यानं जेवण आपोआप दोन घास कमी जातं, आणि दुपारची निम्मी सुस्ती त्या दोन घासांचीच असते. ज्यांना रक्तदाबासाठी मीठ कमी सांगितलंय त्यांनी मात्र ते बेतानंच घालावं. ओआरएसची पाकिटं जुलाब-उलट्यांसाठी ठेवावी. धडधाकट माणसाला ती रोज लागत नाहीत.

५. दुपारी आडवं पडावं, पण गजर लावून.

वाग्भटांच्या ‘अष्टांगहृदया’तल्या ऋतुचर्येत वसंतात दिवसा झोपू नये असं आहे, कारण थंडीत साचलेला कफ तेव्हा पातळ होतो, ग्रीष्मात मात्र दुपारच्या झोपेला मोकळीक आहे. आता सोलापूरचा मार्च वसंत धरायचा की ग्रीष्म, यावर आमच्या घरी पुरणपोळीच्या दिवशी दरवर्षी चर्चा होते आणि चर्चा करणारे बोलता बोलताच घोरू लागतात. मी मधला मार्ग धरलाय: तीनच्या आत, वीस-पंचवीस मिनिटं, बसक्या खुर्चीत. दोन तास ताणून दिलं की माणूस गाढ झोपेतून अर्धवट उठतो, तोंड आंबलेलं, डोकं जड, आणि रात्री बारा वाजेपर्यंत डोळ्याला डोळा नाही. पहाटे पाचचा गजर तर ठरलेलाच.

६. घर रात्री तापलेलं असतं.

माझं माहेर माळवदाचं होतं. जाड भिंती, वर मातीचा थर. दुपारी आत शिरलं की बरं वाटायचं. आताचा सिमेंटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री अकरापर्यंत आपल्या अंगावर सोडतो. गाढ झोपेसाठी शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं, आणि तापल्या खोलीत तेच होत नाही. गच्चीवर फेब्रुवारीतच पांढरा चुना मारला की फरक कळतो. संध्याकाळी गच्ची शिंपडावी, समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्यात. झोपण्याच्या तासभर आधी कोमट पाण्यानं आंघोळ करावी. गार पाण्यानं तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण कोमट पाण्यानं कातडीकडे रक्त येतं आणि आतली उष्णता निघून जायला मदत होते.

७. चहा चारच्या आत.

कॅफीन शरीरातून निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात. मरगळ आली म्हणून संध्याकाळी सातला घेतलेला कप रात्री बारालाही अर्धा शिल्लक असतो. माझ्या या मुद्द्याला घरात कुणी दाद देत नाही.

८. गोळ्यांची पाकिटं उलटून बघावी.

मळणीचं भुसकट उडू लागलं की गावोगाव शिंका सुरू होतात, आणि दुकानातून न विचारता आणलेल्या सर्दीच्या गोळीत बहुधा क्लोरफेनिरामिन असतं. त्यानं नाक थांबतं आणि माणूसही. दुसरी गोष्ट रक्तदाबाच्या गोळ्यांची, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या. हिवाळ्यात बसवलेली मात्रा उन्हाळ्यात जास्त होऊ शकते, आणि मग उठताना गरगरतं, दिवसभर गळून गेल्यासारखं वाटतं. गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. मार्चमध्ये एकदा बसून आणि एकदा उभं राहून रक्तदाब मोजून घ्यायचा आणि ते आकडे डॉक्टरांपुढे ठेवायचे.

९. पाडव्यानंतरही थकवा तसाच असेल तर तो ऋतूचा नाही.

झोप भागली, पाणी पोटात गेलं, दोन आठवडे उलटले, तरी जिना चढताना धाप लागते, केस गळतात, वजन कारण नसताना वाढतं किंवा उतरतं, कशातच मन लागत नाही. अशा वेळी रक्त तपासावं. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, आणि शाकाहारी असाल तर बी-१२. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. म्हणजे कुठल्याही स्टाफरूममध्ये ‘उन्हानं थकलेल्या’ बायकांत एखादी तरी खरी रक्त कमी असलेली असणारच. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन बाराच्या खाली असलं की तो रक्तक्षयच. आमच्या एका बाईंचं साडेआठ निघालं. त्या दोन उन्हाळे स्वतःला आळशी म्हणवून घेत होत्या. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये, लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. आणि आकडा बारावर आला म्हणून लगेच सोडू नये, शरीरातला साठा भरायला पुढे आणखी दोन-तीन महिने ती चालू ठेवावी लागते.