वाटांचा वारसा

प्रस्तावना

मुलांसाठी आणि नातवंडांसाठी माणूस आपल्यामागे काय ठेवतो? कोणी घर ठेवतो, कोणी शेत, कोणी चार दागिने. काही माणसे मात्र डोंगराची ओढ आणि ती व्यक्त करणारी भाषा मागे ठेवतात. कादंबरीकार गो. नी. दांडेकर हे अशांपैकी एक होते. वाचकांचे ते ‘गोनीदा’, तर घरच्यांचे ‘आप्पा’. त्यांची आठवण त्यांच्या लेकीने आणि नातीने कशी जपली, हे या पाठात आपण पाहणार आहोत.

मूळ पाठ

गोपाळ नीलकंठ दांडेकर यांचा जन्म ८ जुलै १९१६ रोजी विदर्भातील परतवाडा येथे झाला. तो काळ स्वातंत्र्याच्या चळवळीने भारलेला होता. वयाच्या तेराव्या वर्षी, सातवीत शिकत असताना, या मुलाने चळवळीत सहभागी होण्यासाठी शाळा आणि घर दोन्ही सोडले. पुढे अनेक वर्षे भटकंतीत गेली. गाडगे महाराजांचा सहवास लाभला, वेदान्ताचे अध्ययन घडले आणि नर्मदेची परिक्रमाही झाली. नर्मदेची लांबी सुमारे १,३०० किलोमीटर आहे. एका तीराने जाऊन दुसऱ्या तीराने परतायचे, म्हणजे याच्या दुपटीइतकी पायपीट! शाळा सुटली, पण शिकणे सुटले नाही. माणसे, नद्या आणि डोंगर त्यांना शिकवत राहिले. याच परिक्रमेच्या अनुभवातून ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ हे पुस्तक आकाराला आले.

पुढे पुणे जिल्ह्यातील तळेगाव दाभाडे येथे त्यांनी संसार मांडला. येथून सह्याद्रीचे गडकोट जवळ होते. शिवाजी महाराजांच्या या गडांनी आप्पांना वेड लावले. त्यांतही राजगडावर त्यांचा विशेष जीव. रायगडाच्या आधी स्वराज्याची राजधानी असलेला हा गड पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या व मधोमध उंचावलेला बालेकिल्ला यांनी नटलेला आहे. गडावर जाऊन लगेच परतणे आप्पांना रुचत नसे. ते तेथे मुक्काम करीत. दरवाजे, तटबंदी, पाण्याची टाकी न्याहाळीत. गडाच्या घेऱ्यात राहणाऱ्या कष्टकरी माणसांशी बोलत आणि त्यांची बोली कानांत साठवीत. म्हणूनच राजमाचीच्या परिसरातील ‘माचीवरला बुधा’, पवना खोऱ्यातील ‘पवनाकाठचा धोंडी’ आणि ठाकर समाजाचे जीवन रंगवणारी ‘जैत रे जैत’ या कादंबऱ्यांतील माणसे त्या मातीतूनच उगवल्यासारखी वाटतात. १९७६ मध्ये त्यांच्या ‘स्मरणगाथा’ या आत्मकथनपर ग्रंथाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

ज्या मुलाने लहानपणी घराचा उंबरा ओलांडला, त्याच्या घरात लेकीच्या वाट्याला काय आले असेल? कन्या वीणा यांना वडिलांकडून वाटांची गोडी मिळाली आणि शब्दांचीही. पुढे वीणा देव मराठीच्या प्राध्यापक झाल्या. सातवीत शाळा सोडलेल्या पित्याची कन्या महाविद्यालयात मराठी शिकवू लागली! त्यांनी लिहिलेल्या वडिलांच्या चरित्राचे नाव आहे ‘आशक मस्त फकीर’. प्रेमात बुडालेला, आपल्याच धुंदीत राहणारा, संग्रहाचा मोह नसलेला माणूस, असे त्या तीन शब्दांतून त्यांचे आप्पा उभे राहतात. नात मृणाल कुलकर्णी पुढे अभिनेत्री म्हणून नावारूपाला आल्या. त्यांनाही आजोबांबरोबर गडांवर जाण्याचे भाग्य लाभले. एरवी नातवंडे आजोबांच्या मांडीवर बसून गोष्टी ऐकतात. येथे गोष्ट ऐकायची, तर आजोबांच्या मागोमाग चढण चढावी लागे.

१ जून १९९८ रोजी आप्पांचे निधन झाले. माणूस गेल्यावर त्याच्या छायाचित्राला हार घातला जातो आणि दिवसेंदिवस तो सुकत जातो. या कुटुंबाने निराळा मार्ग जपला होता. वीणा देव, त्यांचे पती विजय देव आणि मृणाल कुलकर्णी हे गोनीदांच्या कादंबऱ्यांचे अभिवाचन करीत. आप्पांच्या माघारीही ते थांबले नाही. ज्या गावांत गोनीदा स्वतः कधी गेले नसतील, तेथेही त्यांचा बुधा आणि त्यांचा धोंडी श्रोत्यांशी बोलू लागला. त्यांच्या नावाच्या दुर्गप्रेमी मंडळाने दुर्ग साहित्य संमेलने भरवली.

वीणा देव यांचे २०२४ मध्ये निधन झाले. जुलै २०२५ मध्ये राजगडासह १२ किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. जगाने ज्या तटबुरुजांचे मोल असे जाणले, ते एका आजोबांनी आपल्या घरी कधीच ओळखले होते. गड पाहायचा असेल, तर आजही पायांनाच कष्ट द्यावे लागतात. आणि आप्पांना भेटायचे असेल, तर त्यांचे पुस्तक उघडून मोठ्याने वाचावे लागते.

शब्दार्थ

माची – डोंगराच्या माथ्याखालील सपाट, तटबंदी केलेला भाग
घेरा – गडाच्या पायथ्याभोवतीचा प्रदेश
अभिवाचन – श्रोत्यांसमोर भावपूर्ण रीतीने केलेले वाचन

पाठगत प्रश्न

१. ‘शाळा सुटली, पण शिकणे सुटले नाही’ असे गोनीदांविषयी का म्हटले आहे?
२. कुटुंबाने आप्पांची आठवण कोणकोणत्या मार्गांनी जिवंत ठेवली?
३. तुमच्या घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीने तुम्हाला दिलेल्या एखाद्या आवडीविषयी आठ ओळी लिहा.